देणगी मागणारा फोन आणि नंबराचा भरवसा

रविवारची दुपार. खामगावातले एक चारचौघांसारखे घर. जेवणे उरकली आहेत. कुणी पेपर चाळतो आहे, कुणी डुलकी काढतो आहे. तेवढ्यात आजीचा मोबाइल वाजतो. पडद्यावर दहा आकडी अनोळखी नंबर. पलीकडची मुलगी आधी हिंदीत आणि मग अडखळत मराठीत बोलते. एका लहानग्याच्या हृदयाला छिद्र आहे, चार दिवसांत शस्त्रक्रिया झाली पाहिजे, पाचशे-हजार जे जमेल ते द्या. आजीचे डोळे पाणावतात. नातू हात पुढे करतो, ‘‘आजी, ठेव तो फोन. सारे लुबाडणारे असतात हे.’’ आजी म्हणते, ‘‘लेकरू बिमार हाय म्हनते रे बापू, असं खोटं काहून बोलन कोनी?’’

फोन बंद होतो, पण आजीच्या मनाला चुटपुट लागून राहते. संध्याकाळी ती त्याच नंबरावर उलट फोन लावते. तो लागतच नाही. दोन दिवसांनी तीच कहाणी पुन्हा कानी येते, नंबर मात्र दुसराच.

प्रसंग एका घरातला म्हणून सांगितला, पण घाटावरच्या चिखली-मेहकरात असो की घाटाखालच्या मलकापूर-नांदुऱ्यात, थोड्याफार फरकाने तो कुठेही घडतो. यात खरे कोण, आजी की नातू? गंमत अशी की दोघांचेही बरोबर असू शकते. ते मूल खरे असेल, संस्थाही नोंदणीकृत असेल आणि तरीही तिचा नंबर दर दोन दिवसांनी बदलत असेल. आणि हुबेहूब त्याच शब्दांत फोन करणारा निव्वळ भामटाही असेल. आजीच्या पडद्यावर दोघेही सारखेच दिसतात. दुखणे नेमके इथे आहे. देणगी मागणाऱ्याची ओळख आज दहा आकड्यांवर येऊन ठेपली आहे आणि ते आकडे कोणते दाखवायचे हे एक सॉफ्टवेअर ठरवते.

दारातली वर्गणी

मागणे ही आपल्याकडे कधी लाजेची गोष्ट नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत ‘पैसा फंड’ उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. आपल्याच वऱ्हाडातल्या गाडगेबाबांनी लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःजवळ मात्र काही ठेवले नाही. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा गावोगावच्या पोरांनी रस्त्यावर डबे फिरवले आणि लोकांनी हात आखडता घेतला नाही.

या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. मागणारा समोर उभा असे. तो कुणाचा मुलगा, कोणत्या आळीतला, मागच्या वर्षीच्या वर्गणीचे काय केले, हे देणाऱ्याला ठाऊक असे. ठाऊक नसेल तर विचारता येई. हाती पावतीपुस्तक असे आणि त्यावर संस्थेचे नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक छापलेला असे. कायद्यानेही हीच रीत पक्की केली. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ४१ क हे गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना चांगलेच परिचयाचे आहे. वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या आणि हिशेब द्या, असे ते सांगते.

आपल्या जिल्ह्याला तर याचा वस्तुपाठ घरीच आहे. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाची स्थापना १९०८ सालची. तिथे भाविक आपल्या पायाने देणगी कक्षापर्यंत जातो, रक्कम देतो आणि पावती घेऊन खिशात ठेवतो. संस्थानाची धुरा दीर्घकाळ सांभाळणारे शिवशंकरभाऊ पाटील २०२१ साली निवर्तले. त्यांच्या काळात हिशेबाच्या चोखपणाचा जो लौकिक झाला, तो पाहायला महाराष्ट्रभरातून माणसे येत. देणाऱ्याला घेणारा कोण हे ठाऊक आहे आणि उद्या येऊन विचारायची सोय आहे, एवढ्या दोन गोष्टींवर तो भरवसा उभा आहे. फोनवरच्या देणगीत नेमक्या याच दोन गोष्टी निसटतात.

पडद्यामागचे यंत्र

फोनवर देणगी मागणाऱ्या कार्यालयात, मग ते संस्थेचे असो वा तिने नेमलेल्या एजन्सीचे, टेबलावर टेलिफोन सहसा नसतो. संगणक असतात आणि कानाला हेडफोन लावलेली मुलेमुली असतात. नंबरांची यादी संगणकात भरलेली असते. फोन मुले लावत नाहीत, सॉफ्टवेअर लावते. एक बोलणे सरासरी किती वेळ चालते आणि दहा जणांपैकी किती जण फोन उचलतात याचा हिशेब ते करते. मग मोकळी माणसे पाच असतील तर ते एकदम दहा-बारा घरी घंटी वाजवते. उचललेल्यांपैकी जो आधी, तो माणसाला जोडला जातो. बाकीच्यांना पलीकडून काहीच ऐकू येत नाही. आपण ‘हॅलो, हॅलो’ म्हणत राहतो आणि फोन आपोआप कटतो. घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांना धसका देणाऱ्या त्या मुक्या फोनचे रहस्य पुष्कळदा एवढेच असते.

आता नंबराकडे येऊ. पूर्वी एक तार, एक यंत्र आणि एक नंबर असा सरळ संसार होता. ०७२६३ म्हटले की खामगाव, ०७२६२ म्हटले की बुलडाणा. आता कार्यालयांना मिळणाऱ्या एका प्रायमरी रेट लाइनवर एकाच वेळी ३० बोलणी चालतात आणि तिला नंबरांची अख्खी मालिका जोडता येते. इंटरनेटवरून येणाऱ्या जोडणीत ही संख्या आणखी वाढवता येते. मालिकेतला कोणता नंबर आपल्या पडद्यावर उमटावा, हे सॉफ्टवेअरमध्ये एका कळीने ठरवता येते.

इथे संस्थेपुढे तीन वाटा असतात. पहिली, एका मोहिमेला एकच नंबर कायम ठेवायचा आणि उलट फोन आला तर तो कार्यालयात वाजेल अशी व्यवस्था करायची. दुसरी, पन्नास नंबर घेऊन आळीपाळीने फिरवायचे. तिसरी, ज्या भागात फोन करायचा तिथला जवळचा कोड दाखवायचा. मुंबईच्या ०२२ पेक्षा अकोल्याचा ०७२४ पाहून आपल्याकडचा माणूस फोन चटकन उचलतो. त्याला वाटते, पाहुण्यांपैकी कुणी असेल, नाहीतर दवाखान्यातून असेल. बोलणारा मात्र पाचशे मैलांवर बसलेला असतो.

निवड तांत्रिक दिसते आणि बहुतेक संस्थांत ती संगणक सांभाळणाऱ्या माणसावर सोडून दिलेली असते. विश्वस्तांच्या बैठकीत पावतीपुस्तके किती छापली, किती परत आली याची विचारणा होते. आपण कोणत्या नंबरांवरून लोकांना फोन करतो आणि उलट फोन आला तर कोण उचलतो, हे कुणी विचारते का?

नंबर ‘जळतो’ तेव्हा

या धंद्यात नंबर ‘जळला’ असे म्हणतात. एकाच नंबरावरून दिवसभर शेकडो फोन गेले की कंटाळलेली माणसे त्याच्यावर ‘त्रासदायक’ असा शिक्का मारतात. ट्रूकॉलरसारखे अ‍ॅप तो शिक्का सर्वांना दाखवते. सप्टेंबर २०२४ पासून एअरटेलने तर आपल्या जाळ्यावरच संशयित फोनची सूचना देणारी यंत्रणा बसवली. शिक्का बसला की फोन उचलणारे घटतात, देणग्या घटतात आणि महिनाअखेरीस आकडा मागणारा व्यवस्थापक नवा नंबर मागवतो. जुन्या नंबराबरोबर त्याच्यावरच्या तक्रारीही पुरल्या जातात. ज्या आजीला उलट फोन करून ‘आता मला पुन्हा फोन करू नका’ असे सांगायचे होते, किंवा ‘बाळ बरे आहे का’ असे विचारायचे होते, तिच्यासाठी दार बंद होते.

शिवाय सोडून दिलेला मोबाइल नंबर वाया जात नाही. किमान ९० दिवसांनी तो दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो. मोताळ्याच्या एखाद्या कॉलेजकुमाराला नवे सिम मिळते आणि त्याचा फोन कुणी उचलतच नाही. कुणाच्या तरी पापाचा शिक्का त्याच्या कपाळी आलेला असतो.

संस्थांची बाजूही ऐकली पाहिजे. लहान रुग्णालये, अनाथाश्रम, शाळा चालवणाऱ्यांना पैसा लागतो आणि तो आपणहून चालत येत नाही. प्रत्येक गावी माणूस पाठवणे परवडत नाही, तर फोनचा खर्च जवळजवळ शून्यावर आला आहे. २००३ साली येणारे फोन फुकट झाले आणि खर्चाचा सारा भार फोन करणाऱ्यावर आला. २०१६ साली जिओ आल्यावर दर कोसळले. १ जानेवारी २०२१ पासून एका कंपनीने दुसरीला द्यायचे जोडणी शुल्कही संपले. स्वस्ताई आली की गर्दी आलीच. ज्या रस्त्याने सेवाभावी संस्था आली, त्याच रस्त्याने कर्जवाले, प्लॉटवाले आणि भामटेही आले. लोकांनी सरसकट फोन घेणेच सोडले. मग प्रामाणिक संस्थेलाही वाटू लागले की नाव लपवल्याशिवाय निभाव नाही. पण लपण्याची ही शर्यत भामटाच जिंकणार. तो कायदा, हिशेब, विश्वस्त काहीच मानत नाही. संस्थेने त्याच्यासारखे वागायला सुरुवात केली की लोकांना दोघांतला फरक कळायचे बंद होते आणि त्याचे काम सोपे होते.

कायद्याचे कुंपण आणि त्यातली फट

सरकार स्वस्थ बसले आहे असे नाही. २००७ साली ‘फोन करू नका’ अशी नोंदवही सुरू झाली. २०११ साली जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारी मालिका आली. २०१८ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, नियम नव्याने बांधले. २०२४ साली बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कार्यालयांच्या कामकाजाच्या फोनसाठी १६०० ची मालिका ठरली आणि १ जानेवारी २०२६ पर्यंत बँकांनी तिच्यावर यावे अशी मुदत दिली गेली. ऑगस्ट २०२४ च्या आदेशानंतर थोड्याच दिवसांत पावणेतीन लाखांहून अधिक जोडण्या तोडल्या गेल्या आणि ५० संस्था-कंपन्या काळ्या यादीत गेल्या. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस केली. दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई करता येईल, असेही ठरले.

परदेशातून भारतीय नंबराचा मुखवटा घालून येणारे फोन अडवणारी यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या २४ तासांत तिने १ कोटी ३५ लाख फोन हेरले. रोगाचा आवाका त्यावरून कळावा.

मग देणगीचे फोन या कुंपणात बसतात का? नियमांतली व्यापारी संदेशाची व्याख्या वस्तू, सेवा, व्यवसाय आणि गुंतवणूक यांच्याभोवती फिरते. ग्राहकाला बंद करता येणारे आठ वर्ग आहेत. बँक-विमा, घर-जमीन, शिक्षण, आरोग्य, ग्राहकोपयोगी वस्तू व वाहने, दूरसंचार व करमणूक, पर्यटन आणि खाद्यपदार्थ. देणगी हा वर्ग त्यात नाही. ‘आम्ही काही विकत नाही, आम्ही तर पुण्यकर्माला बोलावतो’ असे म्हणायला जागा राहते, ती इथे. दुसरीकडे, दारात वर्गणी मागणाऱ्याला बांधणारे धर्मादाय कायद्याचे कलम नंबराबद्दल काही बोलत नाही. कायदा लिहिला गेला तेव्हा पावतीपुस्तक हेच ओळखपत्र होते. दूरसंचाराचा कायदा धर्माकडे पाहत नाही आणि धर्मादाय कायदा दूरध्वनीकडे पाहत नाही. दोघांच्या मधल्या फटीत आजीचा मोबाइल वाजतो.

एक आशा आहे. फोन करणाऱ्याचे नाव, सिम घेताना दिलेल्या कागदपत्रांवरून, थेट पडद्यावर दाखवण्याची शिफारस ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती पुन्हा ठामपणे मांडली. पुष्कळ जोडण्या घेणाऱ्यांना सरकारदरबारी नोंदलेले नाव दाखवता यावे, असेही तिच्यात आहे. विश्वस्त संस्थांनी या सोयीचा आग्रह धरला तर नोंदणीचे नाव पावतीपुस्तकावरून पुन्हा देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल. अर्थात एजन्सीच्या नावावर घेतलेल्या जोडणीवरून फोन केला तर पडद्यावर एजन्सीचेच नाव येणार. तेव्हा जोडणी कुणाच्या नावावर, हा प्रश्न विश्वस्तांनाच सोडवावा लागेल.

इतरांनी काय केले

ब्रिटनमध्ये ब्रिस्टॉल शहरात ऑलिव्ह कुक नावाच्या ९२ वर्षांच्या बाई होत्या. सैनिकांसाठी कागदी पॉपीची फुले विकून त्यांनी आयुष्यभर निधी जमवला. मे २०१५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि चौकशीत निघाले की ९९ संस्थांच्या याद्यांत त्यांचे नाव होते. मृत्यूचे कारण ही मागणी नव्हे, असे घरच्यांनी स्पष्ट केले. तरी एका उदार म्हातारीभोवती किती हात पसरले होते हे पाहून देश ओशाळला. २०१६ साली तिथे निधी-संकलनावर देखरेख करणारी स्वतंत्र संस्था आली. २०१७ पासून ‘या संस्थेने मला पुन्हा संपर्क करू नये’ असे एका ठिकाणी नोंदवता येऊ लागले. फोनवरून मागणी करणाऱ्याने आपला नंबर दाखवलाच पाहिजे, हा नियमही २०१६ चाच.

अमेरिकेत, जिथे आपल्याकडची कितीतरी घरे आता स्थायिक झाली आहेत, ‘फोन करू नका’ या राष्ट्रीय यादीतून देणगीच्या फोनना सूट आहे. पण एजन्सीमार्फत येणाऱ्या फोनवर बंधने आहेत. ‘पुन्हा करू नका’ असे ऐकणाऱ्याने सांगितले की त्या संस्थेच्या नावाने पुन्हा फोन करता येत नाही. माणसाने उचललेल्या फोनपैकी ३ टक्क्यांहून अधिक मुके सोडता येत नाहीत. आणि २००४ सालापासून पडद्यावर ओळख दाखवावीच लागते. एजन्सीच्या ऐवजी संस्थेचे नाव आणि नंबर दाखवायची मुभा आहे, मात्र तो नंबर कामाच्या वेळेत कुणीतरी उचलला पाहिजे. सूट दिली, पण तोंड लपवायची सूट दिली नाही. आपल्याकडे उचलण्यासारखे असेल तर ते हे.

संस्थांनी करावे, घराने पाळावे

कायदा सुधारेपर्यंत थांबायचे कारण नाही. संस्थेने एका मोहिमेला एक नंबर ठेवावा आणि तो पावतीवर, फलकावर, पत्रकावर छापावा, म्हणजे देणाऱ्याला ताडून पाहता येईल. त्या नंबरावर उलट फोन आला तर माणूस बोलावा. ‘नको’ म्हणणाऱ्याचे नाव यादीतून त्याच दिवशी काढावे आणि ती नोंद नंबर बदलला तरी पुसली जाऊ नये. दिवसाकाठी फोन कमी करावेत, म्हणजे नंबर जळणारच नाही. जवळचा कोड दाखवून लांबून बोलणे तर सोडूनच द्यावे. पहिल्याच वाक्याला जी संस्था आडून बोलते, तिच्या दुसऱ्या वाक्यावर कुणी का विश्वास ठेवावा?

घरानेही काही पथ्ये पाळावीत. फोन चालू असताना कधीही पैसे पाठवू नयेत, मग कहाणी कितीही करुण असो. संस्थेचे नाव, गाव आणि नोंदणी क्रमांक विचारून कागदावर लिहून घ्यावा आणि फोन ठेवावा. मग आपण स्वतः, दुसरीकडून मिळवलेल्या नंबरावर, चौकशी करावी. जी संस्था खरी आहे ती दोन दिवस थांबते. यूपीआयने देताना पैसे जाण्याआधी पडद्यावर नाव दिसते. ते संस्थेचे आहे की एखाद्या व्यक्तीचे, हे पाहावे. कर सवलत हवी असेल तर लक्षात ठेवावे की दोन हजारांहून अधिक रोख देणगीला ती मिळत नाही आणि संस्थेने देणगीचे विवरण आयकर खात्याकडे भरून आपल्याला प्रमाणपत्र द्यायचे असते. त्रासदायक फोनची तक्रार १९०९ वर होते. फसवणुकीचा संशय आला तर संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ सोयीत नंबर नोंदवता येतो. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० लावावा.

आणि एक पथ्य मोठ्यांपेक्षा धाकट्यांसाठी. आजीच्या हातून फोन हिसकावून घेऊ नये. ‘सारे लुबाडणारेच’ हा निवाडा सोपा आहे, पण तो आजीच्या आयुष्यभराच्या एका सवयीवर घाव घालतो. पंढरीच्या वाटेवर शेगावची पालखी येते तेव्हा वाटेवरची गावे वारकऱ्यांना जेवू घालतात. कुणाला जेवायला घातले याची ती चौकशी करत नाहीत, कारण दिंडी डोळ्यांसमोर असते. तिच्याजवळ बसावे, संस्थेचे नाव शोधून द्यावे आणि खरी निघाली तर तिच्या हातून पैसे पाठवू द्यावे. फसवणूक टाळायचीच आहे, पण त्या भरात देण्याची सवय मोडू द्यायची नाही.

भामट्याने पाचशे रुपये नेले तर ते नुकसान एका घराचे. पण प्रामाणिक संस्थेने नंबर बदलून तोंड लपवले, तर पुढच्या वेळी खऱ्या आजारी मुलासाठी वाजणारी घंटीही कुणी उचलणार नाही. पावतीपुस्तकाच्या जागी आता नंबर आला आहे. तेव्हा त्याच्यावरही संस्थेचे नाव आणि पत्ता असला पाहिजे, आणि आजीने संध्याकाळी उलट फोन लावला तर पलीकडून कुणीतरी ‘बोला आजी’ म्हटले पाहिजे.